तपासलेलं बी

४ मार्च

दिवाणजींच्या सेवेशी,

पत्ता आत्याकडून मिळाला. म्हणजे तिनं दिला नाही. ती चष्मा शोधत होती तेवढ्यात तुझ्या पाकिटावरचा मी वाचून घेतला. तेव्हा तिच्यावर रागावू नकोस. रागवायचंच तर माझ्या नावाचा ढीग आधीच मोठा आहे, त्यावर हा एक ठेवून दे. लक्षातही येणार नाही.

हे पत्र भोपळ्याबद्दल आहे. दुसऱ्या कशाबद्दलही नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे फाडण्यापूर्वी निदान अर्धं वाचशील.

तू घराच्या चाव्या, म्हणजे दिवाणगिरीच, माझ्या टेबलावर ठेवून गेलीस त्याला दोन आठवडे झाले तेव्हा मी अप्पांचं घर आवरायला घेतलं. फडताळात अगदी वरती आईचा तो पावडरीचा चपटा डबा निघाला. झाकणावरची बाई पुसली गेली आहे, नुसतं कपाळ उरलं आहे. आत राखेत नऊ बिया आणि अप्पांच्या अक्षरातली चिठ्ठी: 'पट्टेवाला', खाली चार वर्षांपूर्वीचं साल. म्हणजे हे त्यांनी स्वतःच्या हातानं धरलेलं शेवटचं बी.

पट्टेवाला कोण, हे तुला सांगायला नको, पण बऱ्याच दिवसांत कुणाशी बोललो नाही म्हणून सांगतो. हिरवं अंग, त्यावर पिवळे पट्टे, पोट पुढे, मान आखूड. अप्पांच्या कचेरीतल्या शिपायासारखा दिसतो म्हणून आईनं ठेवलेलं नाव. तो शिपाई एकदा घरी आला तेव्हा तू त्याला "तुम्हीच का ते भोपळे?" असं विचारलं होतंस. तू चार वर्षांची होतीस. अप्पा पुढचे आठ दिवस त्याच्याकडे न बघता कचेरीत शिरायचे. आई हे बी माहेराहून घेऊन आली, आणि बाजारातल्या एकाही भोपळ्याचा वारा न लागू देता तिनं ते सव्वीस वर्षं राखलं. तिच्यामागं अप्पांनी.

नऊच्या नऊ बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या आहेत. एक दहावीही आहे. ती डब्यातली नाही. तिच्याबद्दल पुढं लिहीन, किंवा लिहिणार नाही.

अप्पा गेले त्याला सहा महिने झाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्या म्हणाली, पोरीनं काय खायला घातलं कोण जाणे. ते तू ऐकलंस. मीही ऐकलं. मी तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या फरशा मोजत होतो. एकशे बारा. त्यातल्या दोन फुटक्या.

हे भोपळ्याबद्दल नाही, हे खरं. खोडत नाही, कारण खोडलेलं पत्र पाठवायची मला लाज वाटते.

मोठ्या भावाला आशीर्वाद देण्याचा अधिकार असतो म्हणे. सध्या मी तो वापरत नाही.

पंडित


२१ मार्च

दिवाणजी,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं. न पोचतं तर परत आलं असतं.

नवांपैकी आठ उगवल्या. एक फडक्यातच कुजली, ती मी कुंडीत पुरली आणि मग आपण हे काय करतोय असं वाटून हात धुतले. आठ रोपं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली लावली, दहावं लांब, नळाच्या कोपऱ्यात. दहावं सगळ्यांच्या आधी वर आलं. पानं अशी तरतरीत की परक्यानं पाहिलं तर हेच घराण्यातलं म्हणेल.

कोशकचेरी चालू आहे. आम्ही अजून 'प'मध्येच आहोत. भोपळ्याला अजून दोन खंड आहेत, तोवर तो आणि मी दोघंही टिकलो म्हणजे मिळवलं. काम तेच: शब्दाची चिठ्ठी घ्यायची, अर्थ, व्युत्पत्ती, दाखला मूळ ग्रंथाशी ताडून पाहायचा, आणि खाली 'तपासले' हा शिक्का मारायचा. संपादकबाई नवीन माणसाला पहिल्या दिवशी एकच सांगतात, शिक्का ही सही आहे, तो मारल्यावर तुमच्यामागं कुणी बघणार नाही. गेल्या आठवड्यात 'प्रमाद' आला. लोक समजतात प्रमाद म्हणजे चूक. नुसती चूक नव्हे. सावध राहायला हवं होतं तिथं न राहिल्यामुळं झालेली चूक. मी दाखला ताडला, शिक्का मारला, डबा खाल्ला. काय होतं डब्यात ते आठवत नाही. हल्ली आठवत नाही. काही लागतच नाही चवीला. हे तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून.

त्या दुपारचा घरात रूढ झालेला वृत्तांत असा आहे. अप्पांच्या अंगणात तू लावलेल्या वेलीचा पहिला भोपळा तू चिरलास, भाजी केलीस. अप्पा आणि मी जेवायला बसलो, तू वाढत होतीस, तू मागाहून जेवणार होतीस. चारच्या सुमाराला अप्पांना उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी दवाखाना, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. एक्याऐंशी वय. डॉक्टरांनी विचारलं, दुपारी काय खाल्लं? तू म्हणालीस, मी केलेली भोपळ्याची भाजी. त्यांनी विचारलं, चवीला काही वेगळी लागली का, कडू वगैरे? तू जेवली नव्हतीस, म्हणून ते माझ्याकडे वळले. तूही माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हणालो, नाही.

आपल्याकडे ताटातल्या अन्नाला नाव ठेवायचं नाही. अप्पांचा एवढा एकच कायदा. नऊ वर्षांची असताना तू आमटीत मिठाऐवजी साखर घातली होतीस. अप्पांनी वाटीभर पिऊन वर पुन्हा मागितली, आई हसू दाबत आत गेली, आणि तू रात्री स्वतः चाखून बघेपर्यंत स्वतःला अन्नपूर्णा समजत राहिलीस. तेव्हा डॉक्टरांना दिलेलं माझं उत्तर कायद्याला धरून होतं असं मी इतके दिवस म्हणत आलो. मनातल्या मनात. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

रोपांना पाणी सकाळीच घालतो. अप्पा सांगायचे तसं, पानांवर नाही, बुडाशी.

पंडित


१२ मे

दिवाणजी,

फुलं आली. आधी नुसती नर फुलं, रिवाजाप्रमाणं. आठ दिवस सगळे नवरदेव नटून उभे आणि वधूपक्षाचा पत्ता नाही. परवा पहिली मादी कळी दिसली, खाली लिंबाएवढा भोपळा घेऊनच जन्माला आलेली. या जातीत आधी मूल आणि मग सोयरीक. आत्याला हे कळवू नकोस.

सोयरीक हा अप्पांचा शब्द. रीत तुला माझ्यापेक्षा चांगली येते, तरी मी कसं केलं ते लिहितो, म्हणजे चुकलं असेल तर तुला हसता येईल. संध्याकाळी वेलीवरून फिरायचं. ज्या कळ्यांची टोकं पिवळी झालीत त्या उद्या उमलणार. नर असो, मादी असो, तिचं तोंड पांढऱ्या दोऱ्यानं बांधून टाकायचं, म्हणजे आपल्या आधी मधमाशी आत जाणार नाही. सकाळी उन्हं वर यायच्या आत नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, मादीचा दोरा सोडायचा, परागाचा दांडा आत हलकेच फिरवायचा, तोंड पुन्हा बांधायचं. आणि मग देठाला लाल दोरा. लाल दोरा म्हणजे: याचा बाप कोण हे आम्हाला माहीत आहे. बी फक्त लाल दोऱ्याच्या भोपळ्याचं धरायचं. बाकीचे खायचे.

आज सकाळी सहाला मी हे सगळं केलं. काहीच झालं नाही. लाल दोरा बांधताना मात्र मी गाठ तीन वेळा सोडून पुन्हा बांधली.

कुंपणापलीकडे आमचे मोजणीदार आहेत, आठवतात ना? आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता निवृत्तीनंतर स्वतःच्या मिश्या मोजतात. त्यांना शोभेच्या भोपळ्यांचा नाद आहे. मुठीएवढे, खडबडीत, चामखिळींचे. खायचे नाहीत, नुसते टोपलीत मांडून दिवाणखान्यात ठेवायचे. ते दर वर्षी कुंपणावर चढवतात. त्यांची फुलं आणि आपल्या पट्टेवाल्याची फुलं शेजारी ठेवली तर मला ओळखता येत नाहीत. मधमाशीलाही येत नसावीत.

अप्पांच्या अंगणात नळासाठी खोदकाम झालं त्या वर्षी, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, वेल माझ्याकडे होती. तुला आठवत असेल. सोयरीक पहिल्यांदाच माझ्या हाती आली होती. अप्पा फोनवरून सूचना द्यायचे आणि तू त्यांच्यामागून ओरडायचीस, पंडिताला सांगा, मुहूर्त बघू नको, घड्याळ बघ.

त्या वर्षीच्या एका सकाळबद्दल लिहायला बसलो होतो. आता कचेरीची वेळ झाली आहे.

पंडित


१५ मे

दिवाणजी,

कचेरीची वेळ झाली नव्हती. रविवार होता. लिहितो.

त्या वर्षी माझ्या वेलीवरच्या पहिल्या दोन मादी कळ्या गळून पडल्या. तिसरी उरली, हंगामाची शेवटची. मी संध्याकाळी तिला पांढरा दोरा बांधला. सकाळी उठायला हवं होतं. जागा होतो, पण उठलो नाही. कारण काही नव्हतं. तू शोधशील म्हणून सांगतो. आजारी नव्हतो, काम नव्हतं. चहा गरम होता, वर्तमानपत्र आलं होतं, आणि बाहेर ओलं गवत होतं. मी बागेत गेलो तेव्हा दहा वाजले होते. दोरा सुटून खाली पडला होता. फूल पूर्ण उमलून मिटायला लागलं होतं, आणि आत एक मधमाशी बसली होती, जेवण झालेल्या पाहुण्यासारखी. कुंपणावर मोजणीदारांचं सगळं खानदान फुललेलं.

मी तिथंच उभा होतो तेवढ्यात तुझा फोन आला. "दादा, झाली का सोयरीक?"

मी म्हणालो, "झाली."

तू अप्पांना ओरडून सांगितलंस. ते काहीतरी म्हणाले, तू हसलीस. फोन ठेवल्यावर मी आत गेलो, लाल दोरा आणला आणि देठाला बांधला. क्रम लक्षात घे. आधी मी तुला सांगितलं, आणि मग ते खरं दिसावं म्हणून दोरा बांधला.

तो भोपळा चवीला उत्तम निघाला. निघणारच. बाप कोणीही असला तरी पहिल्या भोपळ्यात कळत नाही, तो आईवर जातो. घोळ बियांत होतो, आणि पुढच्या वर्षी त्या बियांना जे भोपळे लागतात त्यांत बाहेर पडतो. हे मला माहीत होतं. अप्पांनी सांगितलं होतं, पुस्तकातही वाचलं होतं. शोभेच्या भोपळ्याचं रक्त आलं तर फळ कडू होतं, आणि ते कडू नुसतं चवीचं नसतं, पोटाला विष असतं, हेही त्याच पानावर होतं. मी ते पान वाचून उलटलं.

बिया वाळवल्या. बारा तुला दिल्या, बाकीच्या माझ्या खणात राहिल्या. पाकिटावर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पट्टेवाला, शुद्ध बियाणे', आणि गंमत म्हणून खाली कचेरीचा शिक्का मारला. 'तपासले.' तुला ती गंमत फार आवडली होती. तू ते पाकीट स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं होतंस.

तर तू लावलेली वेल त्या बियांची होती. प्रमाद म्हणजे काय ते मी मागं लिहिलं आहे. हा तोही नव्हता. मी सावध होतो.

दहावं बी माझ्या खणातलं आहे.

पंडित


३ जुलै

दिवाणजी,

दीड महिना तुझी वाट पाहिली. वाट पाहिली हे शब्द मोठे झाले. टपालपेटीचं झाकण उघडून बंद केलं, असं म्हणू.

आठ वेलींवर मिळून तीन लाल दोरे आहेत. तिन्ही वेळा मी सहाच्या आत बागेत होतो. पहिला आता फुटबॉलएवढा झालाय, पट्टे उमटायला लागलेत, पोट सुटायला लागलंय. कोपऱ्यातल्या दहाव्या वेलीलाही दोन धरलेत. लांबून पट्टेवालाच वाटतो. जवळ गेलं की मानेशी बारीक चामखिळी दिसतात. तुझ्याही भोपळ्याच्या मानेशी होत्या. मी त्या दिवशी तुझ्या ओट्यावर तो पाहिला होता, चिरायच्या आधी. तू अप्पांना दाखवायला उचलून धरला होतास, बाळ धरतात तसा. मला चामखिळी दिसल्या. मी म्हणालो, वा.

लाल दोऱ्याचं कळवलं तेव्हा मला वाटलं होतं सांगायचं ते संपलं. संपलं नाही. एक राहिलं आहे. ते सांगितलं की खरोखरच काही उरणार नाही, आणि मग मी तुला नुसत्या भोपळ्यांबद्दल लिहू शकेन.

अप्पा आणि मी जेवायला बसलो. तू पोळी आणायला आत गेलीस. मी पहिला घास घेतला. तो इतका कडू होता की गिळताना डोळ्यांत पाणी आलं. अप्पांकडे पाहिलं. ते सावकाश चावत होते, नेहमीसारखे. त्यांनी दुसरा घास घेतला. मी भाजी पोळीखाली सारायला लागलो. त्यांनी ते पाहिलं. त्यांना सगळं दिसायचं, फक्त वाचायला चष्मा लागायचा.

ते हळूच म्हणाले, "दे इकडे. पोरीला वाईट वाटेल. तिची पहिली वेल आहे."

आणि त्यांनी माझी भाजी स्वतःच्या ताटात घेतली. सगळी. तू पोळी घेऊन आलीस तेव्हा माझं ताट स्वच्छ होतं आणि ते म्हणत होते, आणखी आहे का?

कडू आहे हे त्यांना माहीत होतं. कशामुळं कडू आहे हे मला माहीत होतं. एवढं वाक्य मी म्हणू शकलो असतो: अप्पा, खाऊ नका, ते माझ्यामुळं आहे. एका श्वासाचं वाक्य. मी ताट पुढं केलं.

माझ्या वाट्याचं त्यांनी खाल्लं, दिवाणजी. मला नुसतं पोटात ढवळलं. एक घासच गेला होता.

पंडित


२८ ऑगस्ट

दिवाणजी,

परवा वर्ष झालं. मी कचेरीत गेलो. 'प' संपला, संपादकबाईंनी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, काटकसर म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

काल दहाव्या वेलीचा भोपळा तोडला. मोजणीदार कुंपणापाशीच होते. ते म्हणाले, हा तुमच्या नेहमीच्या जातीचा दिसत नाही. मी म्हटलं, नाही, यात तुमचा अंश आहे. ते खूश झाले. त्यांना तो बहुमान वाटला. मग मी त्यांना सगळं सांगितलं, तिथंच उभ्यानं, हातात भोपळा धरून. तुझ्यानंतर तेच पहिले. त्यांनी कुंपणावरचा आपला एक भोपळा खुडून हातात फिरवला. मग म्हणाले, "अहो, पण मला एका शब्दानं का नाही बोललात? मी सगळे उपटून टाकले असते. शोभेचेच तर होते."

आज सकाळी पाहिलं तर त्यांचं कुंपण मोकळं. वेली ढीग करून रस्त्याकडेला ठेवलेल्या, सगळ्या फळांसकट. मोजणीदारानं शेवटी हद्द आखून दिली.

भोपळा ओट्यावर ठेवून चिरला. आत रंग सुरेख, केशरी. नखाएवढी कच्ची फोड जिभेच्या टोकावर ठेवली. आई तशीच करायची, आठवतं? चिरल्यावर आधी कच्ची फोड जिभेवर, मग फोडणी. अप्पांनी तिचं सगळं राखलं, बी राखलं, दोरे राखले, एवढी एक गोष्ट मात्र आपण तिघांनीही सोडून दिली. चाखून बघणं म्हणजे शंका घेणं, आणि आपल्या घरात शंका घेत नाहीत.

संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट; कडूला 'तिक्त' म्हणतात. तीस वर्षं मी हे लोकांना, त्यांनी विचारलेलं नसताना, सांगत आलो. जिभेवर ठेवल्यावर यातलं काही आठवलं नाही. कडू होतं. तेच. थुंकून चूळ भरली, तरी दुपारपर्यंत तोंडात राहिलं. वर्षभरात मला लागलेली ती पहिली चव.

तेव्हा आता यात शंका उरली नाही. तुझ्या हाताचा दोष नव्हता, फोडणीचा नव्हता, तेलाचा नव्हता, भांड्याचा नव्हता. आत्याला मी काल जाऊन सांगितलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि मला चहा विचारला नाही. डॉक्टरांना पत्र लिहिलं आहे. तुझ्या मनावर जे आहे ते माझं आहे, ते मला परत कर.

दादा


५ ऑक्टोबर

दिवाणजी,

तुझं कार्ड मिळालं. टपालवाल्यानं वाचलं असणार, त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. मी ते टेबलावर काचेखाली ठेवलं आहे. मला वाटलं होतं मी सगळं कबूल केल्यावर तू रागावशील, किंवा सुटशील. या दोनच शक्यता मी धरल्या होत्या. तू लिहिलंस:

"दादा, मी कढईतच चाखली होती. कडू लागली. आदल्या आठवड्यात ताप होता, आणि पाकीट समोर खिळ्याला होतं. तू तपासलेलं बी. म्हणून वाटलं, माझीच जीभ बिघडली. तरी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुझ्याकडे पाहिलं. तू नाही म्हणालास. मग खात्रीच झाली. वर्षभर मी आठवत्येय, भाजी चांगली होती तर मग मी दुसरं काय केलं."

हे मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. आधी काही वाटलं नाही. मग कचेरीत गेलो, पहिली चिठ्ठी घेतली, ताडली आणि शिक्का उचलला. हात खाली जाईना. संपादकबाई म्हणाल्या, बरं नाही का? मी म्हटलं, नाही. म्हणजे, नाही बरं. त्यांनी घरी पाठवलं. घरी येऊन ओट्यापाशी उभा राहिलो तो दुधवाला बेल वाजवेपर्यंत. रडलो असं म्हणवत नाही. पण तोंड खारट झालं होतं, हे नोंदवून ठेवतो.

तू आपल्या जिभेपेक्षा माझ्या शिक्क्यावर विश्वास ठेवलास. तुझी जीभ ठीक होती. ताप असूनही ठीक होती. त्या घरात त्या दुपारी खरं सांगणारी तेवढी एकच वस्तू होती, आणि तिला मी दोनदा खोटं पाडलं. एकदा पाकिटावर, एकदा डॉक्टरांसमोर. माफी मागण्यासाठी आपल्या भाषेत शब्द भरपूर आहेत, काही माझ्या हाताखालून गेले, बाकीचे जाणार आहेत. पण त्यातला एकही मी आज तुझ्यापुढं ठेवत नाही. कमी पडतील.

कार्डाच्या कडेला, तिकिटाखाली, तू बारीक अक्षरात लिहिलं आहेस, "बी पाठव. घराच्या मागं चार फूट जागा आहे." तो हुकूम समजून पाळतो आहे.

लाल दोऱ्याचे तिन्ही चिरले. पहिल्यातल्या अकरा बिया सोबत आहेत, सावलीत वाळवलेल्या. पाकीट कोरं आहे. नाव नाही, साल नाही, शिक्का नाही. त्या सकाळी मी किती वाजता उठलो, दोरा कसा बांधला, कच्ची फोड कशी लागली, हे सगळं लिहिता येईल, पण ते लिहून पुन्हा मीच सांगतोय असं होईल.

तू पेर. संध्याकाळी कळ्या बांध, सकाळी सोड, तुला येतं. पहिला तयार झाला की चीर, आणि कढई ठेवण्याआधी नखाएवढी फोड जिभेवर ठेव. समोर कोणीही बसलेलं असो, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, तुला ताप असो.

कडू लागली, तर ती कडू आहे.

दादा